बसून शिकवणारी बाई

‘दिसतेस तर बरी’ असं मला कुणी म्हटलं की माझं डोकं अजूनही फिरतं. म्हणणारा प्रेमानंच म्हणतो, हे ठाऊक आहे मला. पण त्याला एकदा माझी कंबर दिवसभर वापरायला दिली पाहिजे. दुपारी जेवायच्या आत परत आणून देईल आणि वर पाया पडेल.

मी पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. माहेर डिचोलीकडचं, साखळीहून जवळ. लग्न होऊन पेडण्याला आले आणि नोकरीही इथेच लागली, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. नवरा मुरगाव बंदरात कामाला होता. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, सोमवारी पहाटेच्या बसनं जायचा. एरवी घरात मी आणि सासूबाई. शाळेत शिक्षक दोनच, हेडमास्तर आणि मी. मुलं इतकी कमी की दरवर्षी जूनमध्ये आम्ही दोघंही हजेरीपटावरची नावं मोजत बसायचो. चार मुलं आणखी कमी झाली तर शाळा बंद होऊन शेजारच्या गावच्या शाळेत मिसळणार, हे उघड गुपित होतं.

दुखणं सुरू झालं ते खडू उचलताना. लोकांना हे सांगितलं की त्यांना पटायचं नाही. ‘‘काय उचललंस गो इतकं?’’ असं प्रत्येकजण विचारायचा. हंडा, तांदळाची गोणी, गॅसचा सिलिंडर असं काहीतरी त्यांना ऐकायचं असायचं. मी म्हणायची, ‘‘खडू.’’ मग ते एकमेकांकडे बघायचे. आता खडूच पडला होता तर मी काय करू? वर्गात खडू हातातून सुटला, मी वाकले, आणि वर येताच येईना. कमरेतून डाव्या टाचेपर्यंत असं काही पेटत गेलं की तोंडातून शब्द फुटेना. मुलांना वाटलं बाई खाली काहीतरी शोधताहेत, म्हणून तीही माझ्याबरोबर शोधायला लागली.

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. माझी मुंगी निघालीच नाही. महिने गेले, वर्ष गेलं. कधी कमी, कधी जास्त, पण दुखणं ठाण मांडून बसलं. सकाळी उठताना पहिला पाय जमिनीवर ठेवायचा म्हणजे विस्तवावर ठेवायचा. भाताचं आधण उतरवायला सासूबाईंना हाक मारावी लागायची. न्हाणीत वाकून बालदी ओढता येईना, तेव्हा मी रडले आहे, दुखलं म्हणून आणि त्याहून जास्त राग आला म्हणून.

आणि सल्ले! पेडण्यात जितकी माणसं तितके वैद्य. कुणी निगडीचा म्हणजे निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला, कुणी सावंतवाडीकडचं तेल आणून दिलं, कुणी म्हणालं, बाई, पाव सोडा. मी उंडे आणि पोळे, आमचे हे दोन्ही पाव सोडले. आमच्या दारात रोज सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवून जायचा आणि मी आत बसून नाचणीची भाकरी चावायची. कंबर होती तशीच. सासूबाईंनी देवळात जाऊन देवाला फुलांच्या पाकळ्या लावल्या, म्हणजे प्रसाद, कौल घेतला. उजवी पाकळी पडली. देवचाराचं, म्हणजे गावच्या राखणदाराचं, काही राहून गेलंय असा त्याचा अर्थ निघाला. मग देवचाराला रोट आणि विडी ठेवून झाली. विडी दुसऱ्या दिवशी दिसली नाही. सासूबाईंना बरं वाटलं, मला नाही. पण त्या बिचाऱ्या माझ्यासाठी उन्हातून चालत देवळापर्यंत गेल्या होत्या, त्यांच्यावर कसली रागावणार?

राग यायचा तो रिपोर्टचा. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन मशीनमध्ये झोपून आले, पैसे भरून फोटो काढले, आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘तसं विशेष काही नाही. नॉर्मल आहे.’’ नॉर्मल! या एका शब्दानं माझं जितकं नुकसान केलं तितकं त्या खडूनं केलं नाही. गावात बातमी माझ्याआधी पोचली. बाईच्या फोटोत काय नाय. मग दुखतं कुठे? तर डोक्यात. मग ती मधेच बसते कशाला? तर आळस. इतकं सरळ गणित.

शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी दुखण्यावरच इलाज करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. वयानं माझ्याहून बरीच लहान. तिनं फोटो बाजूला ठेवले आणि मला बोलू दिलं. मी बोलत असताना तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही, एवढ्यानंच मला भरून आलं. मग ती म्हणाली, ‘‘टीचर, तुमच्या शाळेची विजेची घंटा अडकून बसली आणि कुणी बटण न दाबता वाजत राहिली, तर तो आवाज खोटा असतो का?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘तसंच आहे हे. इजा कधीच भरली असेल. पण तुमच्या नसा अजून ओरडताहेत, आणि त्यांचं ओरडणं फोटोत येत नाही. पूर्ण बरं करीन असं मी सांगत नाही. पण या दुखण्याला बरोबर घेऊन नोकरी करता येईल, घर करता येईल.’’ तिनं गोळ्या कमी दिल्या आणि सवयी जास्त सांगितल्या. एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही, फार वेळ बसायचंही नाही. थोडं चालायचं, थोडं टेकायचं. मधल्या सुट्टीत पाठ जमिनीला लावायची. अंथरूण धरायचं नाही. बऱ्या दिवशी सगळी कामं उरकायचा हव्यास धरायचा नाही आणि वाईट दिवशी स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत.

त्याप्रमाणे मी वर्गात एक कदेल आणली. खुर्चीला आमच्याकडे अजून कदेल म्हणतात. घरातली जुनी, शिसवी, हातांची, बसायला उंच. तिच्यावर उशी ठेवली आणि ती फळ्याजवळ लावली. कधी तिच्यावर बसून, कधी तिच्या पाठीला धरून मी शिकवायला लागले. मुलं वही घेऊन माझ्याजवळ येत, मी त्यांच्याकडे वाकायला जात नसे. मधल्या सुट्टीत दार लोटून चटईवर आडवी व्हायची. खरं सांगते, त्या काळात माझी मुलं आधीपेक्षा चांगली वाचायला लागली, कारण मी त्यांना जास्त वाचायला लावत होते आणि स्वतः कमी बडबडत होते.

मग आली चतुर्थी. मी माहेरी गेले. तिथे गणपतीपुढे बायकांनी फुगडीचा फेर धरला होता. त्या दिवशी माझी कंबर कुणास ठाऊक का, गप्प होती. भावजयीनं हात पुढे केला. मी म्हटलं, जाऊ दे, एक गाणं. आणि मी फुगडी घातली. किती दिवसांनी! अंगात वारं शिरल्यासारखं झालं मला. त्या एका गाण्यासाठी पुढचा अख्खा आठवडा मी अंथरुणावर काढला, हे कुणी पाहिलं नाही. फुगडी मात्र सगळ्यांनी पाहिली, कारण भाचीनं ती मोबाइलवर घेऊन स्टेटसला टाकली. तिथून ती साखळीहून पेडण्याला यायला एक चहा होण्याइतकाही वेळ लागला नाही.

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत पालक संघाचा अध्यक्ष येऊन उभा होता. हा एकेकाळी डिचोलीच्या खाणींवर टिप्पर ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्या तसा परत गावी आला, आणि आता हरमलला टुरिस्टांना खोल्या आणि भाड्यानं स्कूटर द्यायचा. त्याची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात होती. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात मी गरगर फिरत होते.

‘‘ह्यां काय, बाई? भावाकडे फुगडी घालूक कंबर आसा आनी आमच्या पोरांक शिकवूक नाय?’’

मी त्याला समजावायला गेले. बरा दिवस, वाईट दिवस, नसा, घंटा, सगळं. तो ऐकत होता, पण चेहरा असा की भिंतीला सांगितलं असतं तर बरं. ‘‘दुखता सगळ्यांक,’’ तो म्हणाला. ‘‘कोण बसान ऱ्हवता? पोरांक दिसता, बाई बसता. तींय बसतलीं.’’ मग त्यानं पालकांचा निरोप सांगितला. यापुढे बाईनं उभं राहून शिकवायचं, नाहीतर दसऱ्यानंतर बदली घ्यायची. नाहीतर पालक मुलं काढून इंग्रजी शाळेत घालणार.

मी हेडमास्तरांकडे पाहिलं. ते टेबलावरची टाचणी सरळ करत होते. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्ती जवळ आली होती आणि शाळा आपल्या हातून बंद पडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. ‘‘टीचर, तुम्हीच विचार करा,’’ म्हणाले, ‘‘नाहीतर स्वेच्छानिवृत्तीही चांगली असते हल्ली.’’ बदली म्हणजे दोन बस बदलून पार दक्षिणेच्या टोकाला, काणकोण नाहीतर सांगे. त्या बसच्या एका धक्क्यात माझी कंबर मोडली असती. म्हणजे बदली काय आणि घरी बसणं काय, माझ्यासाठी एकच. नोकरी जाणार होती, आणि तीही खोटारडी म्हणून.

त्याच दुपारी माझी कदेल हेडमास्तरांच्या सांगण्यावरून सामानाच्या खोलीत गेली आणि वर कुलूप लागलं.

मी उभी राहून शिकवलं. हट्टानं. कशी ते मला विचारू नका. एकदा फळ्याला टेकून उभी होते तर फळ्यावरचा सगळा पाढा माझ्या साडीच्या पाठीवर उमटला. मुलं हसली, मीही हसले, आणि हसताना कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी गेले की सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन तयार असत. त्या एकदा म्हणाल्या, ‘‘सोड गो ती नोकरी. लोकांच्या तोंडाक कोण लागता?’’ मी म्हटलं, ‘‘मी लागते.’’ पण म्हटलं तेवढंच. काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

आमच्याकडच्या मराठी शाळांत नवरात्रात सरस्वती पूजन असतं. एरवी शाळेकडे न फिरकणारा गावही त्या दिवशी येतो. मुलं मखर सजवतात, पाट्या-पुस्तकं पूजेला मांडतात, आरती होते, आणि आरतीनंतर गावातलं जाणतं माणूस गाऱ्हाणं घालतं. म्हणजे हात जोडून, मोठ्यानं, सगळ्यांच्या वतीनं देवीकडे मागणं मागतं. एकेक मागणं झालं की जमलेली सगळी माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पुढे देव असो की देवी, म्हाराजाच. आमच्या शाळेत गाऱ्हाणं घालायचा मान अध्यक्षाच्या चुलत्यांचा. सत्तरीचे, ताठ, आवाज खणखणीत. गाऱ्हाण्याआधी ते सगळ्यांना विचारत, तुमचं काय घालायचं? कुणाचं कोर्टातलं काम असे, कुणाच्या मुलाचं लग्न. मलाही त्यांनी विचारलं, ‘‘बाई, तुमचा काय?’’

‘‘माझं काही घालू नका,’’ मी म्हटलं.

त्यांना वाटलं बाई संकोचल्या. त्यांनी घातलंच.

वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे मुलं मांडी घालून बसलेली, मागे बायका, दाराशी आणि खिडकीबाहेर पुरुष. अध्यक्ष दारात उभा. मी भिंतीला टेकून, दात आवळून. आरतीला उभं राहूनच माझा पाय बधिर झाला होता. म्हाताऱ्यांनी सुरुवात केली. पोरांना विद्या दे. व्हय म्हाराजा. गावावर काय वाकडं-तिकडं येत असेल तर दूर कर. व्हय म्हाराजा. शाळेची पोरं वाढू दे. व्हय म्हाराजा. आणि मग, ‘‘आमच्या बाईच्या आंगात काय शिरलां आसात, मनात काय भ्रम आसात, तो काडून उडय, आनी तिका पयलीसारखी उभी करून आमच्या पोरांक शिकवूक लाव रे म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ अख्खा वर्ग म्हणाला. माझी मुलं सगळ्यांत मोठ्यानं.

‘‘नाही म्हाराजा,’’ मी म्हटलं.

मी काही ठरवून बोलले नव्हते. भ्रम हा शब्द कानावर पडला आणि तोंडातून निघून गेलं. पण निघालं ते वर्गात शिकवायच्या आवाजात, आणि तो आवाज खिडकीबाहेर जातो. झांजा वाजवणाऱ्याच्या हातातली झांज तशीच राहिली. गाऱ्हाण्यात ‘नाही’ म्हटलेलं त्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. तसं म्हणायची जागाच नसते तिथे.

म्हातारे वळले. रागावले नव्हते, गोंधळले होते. ‘‘बाई, गाऱ्हाण्यात नाय म्हणूक जायना.’’

‘‘मग माझ्या मनाविरुद्ध माझ्या नावानं मागूही नये,’’ मी म्हटलं. ‘‘मी घालू नका म्हटलं होतं.’’

बायकांत कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हेडमास्तर ‘टीचर, टीचर’ करत माझ्याकडे सरकायला लागले. पण म्हाताऱ्यांपुढे वेगळाच पेच होता. सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकता येत नाही, टाकलं तर गावाला लागतं. आणि माझ्या ‘नाही’वरून पुढे कसं जायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि हात जोडलेलेच ठेवून म्हणाले, ‘‘मगे तुमचा तुमीच घाला. अर्ध्यार ऱ्हवता नये.’’

बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे पद्धत नाही. पण आता कोण अडवणार? मी भिंत सोडली आणि सरस्वतीपुढे जाऊन हात जोडले.

‘‘हे सरस्वती माते,’’ मी म्हटलं, ‘‘माझी कंबर दुखते. खरोखर दुखते, म्हाराजा.’’

 मग पुढे बसलेली माझी मुलं मोठ्यानं म्हणाली, ‘‘व्हय म्हाराजा!’’ त्यांना बिचाऱ्यांना काय, बाईनं वाक्य म्हटलं की उत्तर द्यायचं एवढंच ठाऊक. पण ती म्हणाली, आणि माझ्या छातीत बळ आलं.

‘‘फोटोत दिसत नाही म्हणून ती दुखत नाही असं नाही. राग फोटोत दिसत नाही, भूकही दिसत नाही, म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’ या वेळी मागून दोन-तीन बायकांचे आवाज होते.

‘‘बऱ्या दिवशी मी फुगडी घालते. माझ्या भावाकडे घातली, सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. पुढच्या चतुर्थीला जमलं तर परत घालीन. मला दुखतं म्हणून मी मेलेली नाही, म्हाराजा.’’

बायका हसल्या, आणि हसत हसत ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल्या. चांगल्या मोठ्यानं.

‘‘मी बरी होईन की नाही मला ठाऊक नाही. बरी कर म्हणून मागून मागून मी दमले. आता मी ते मागत नाही. मी बरी झाले नाही तरी मला शिकवू दे. फळा लागतो, खडू लागतो, तशी मला कदेल लागते. ती कुलपात आहे. ती मला परत दे. आणि बसलेली बाई ज्याला नको असेल, त्यानं आत्ता, तुझ्यासमोर तसं सांगावं. माझ्या पाठीमागे नको, म्हाराजा.’’

आता मुलंही गप्प. मी मान वळवून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर अध्यक्ष दिसला असता. मी हात जोडलेलेच ठेवले. मग माझ्या शेजारून म्हाताऱ्यांचा खणखणीत आवाज आला.

‘‘व्हय म्हाराजा.’’

त्यांनी म्हटलं म्हटल्यावर गावाला म्हणावंच लागलं. कुणी मनापासून म्हटलं असेल, कुणी सवयीनं. माझं दोन्हीनं भागत होतं. देवीपुढे म्हटलेलं मागे घेता येत नाही, म्हाताऱ्यांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी भुईला हात लावून नमस्कार केला, आणि हेडमास्तरांना म्हणाले, ‘‘कदेल हाडा.’’ प्रसादाच्या करंज्या वाटल्या गेल्या तेव्हा मी माझी करंजी कदेलवर बसून खाल्ली.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीनं झालं असं कुणी समजू नये. एका घरानं मुलाला काढून म्हापशाला घातलंच. बाजारात एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘गाऱ्हाण्यात तोंड घातला, पुढे काय होता ता बघ.’’ माझं काही झालं नाही. कंबर दुखायची तशी दुखत होती. पण शाळा टिकली आणि मी बसून, उठून, टेकून शिकवत राहिले.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी एक दिवस, शाळा सुटल्यावर अध्यक्ष वर्गाच्या दारात आला. मुलं गेली होती. त्यानं बाहेर दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आत येऊन खिडकीच्या कठड्याला हात टेकले.  कमरेपासून टाचेपर्यंत, म्हणाला. टिप्परवर असल्यापासून. गादी उचलता येत नाही, खोल्यांचे जिने चढवत नाहीत, झोप यावी म्हणून पितो, आणि बायकोला वाटतं उगाच पितो. आईला नाही, बायकोला नाही, आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मग अगदी हळू म्हणाला, ‘‘बाई, तो तुमचो दुखण्याचो डॉक्टर खंय बसता?’’

मला दया आली पाहिजे होती. आली नाही. असा संताप आला की हातातली पट्टी टेबलावर आपटली.

‘‘म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,’’ मी म्हटलं. ‘‘टाचेपर्यंत कसं जातं ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही माझ्यासमोर मोबाइल धरलात.’’

तो खाली बघत राहिला. ‘‘माका कोणे कदेल दिली नाय,’’ म्हणाला. ‘‘मी कोणाक सांगलंय नाय, उबो ऱ्हवलंय. तुमी सांगून बसलात. माका राग इलो.’’

हे मात्र खरं होतं, आणि मला ते लगेच कळलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तसं हे नव्हतं. झाकून झाकून हा माणूस आतून कुजला होता. पण कळलं म्हणून माझा राग गेला नाही. मी म्हटलं, ‘‘सांगीन. पण असं नाही, कानात नाही. माझी अब्रू तुम्ही चारचौघांत काढलीत. दिवाळीनंतर पालकसभा आहे, तिथे उभे राहा आणि सगळ्यांसमोर विचारा. मी तिथेच सांगते.’’

तो निघून गेला. चालताना डावा पाय किंचित ओढत होता. इतकी वर्षं आम्ही कुणी तो पाहिला नव्हता, मीसुद्धा.

शनिवारी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘किती ताठ गो तू! पत्ता सांगायला तुझं काय जात होतं?’’ सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘तिचा बरोबर आसा.’’  आठवडाभर मला स्वतःलाच कळत नव्हतं, मी बरोबर केलं की सूड घेतला. दुखणाऱ्या माणसाला आणखी दोन आठवडे दुखत ठेवायचं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? एकदा वाटलं, त्याच्या मुलीच्या हातून निरोप पाठवावा. नाही पाठवला. कानात सांगितलं असतं तर तो बरा झाला असता कदाचित, पण पुढच्या माणसापुढे पुन्हा मोबाइल धरला असता. आणि तो पुढचा माणूस कोण असणार होता ते मला ठाऊक नव्हतं.

पालकसभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. हेडमास्तरांनी माध्यान्ह आहार, शौचालयाचं दार, स्नेहसंमेलन असं सगळं वाचून दाखवलं. अध्यक्ष पुढच्या बाकावर होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते. शेवटी हेडमास्तर म्हणाले, आणखी कुणाला काही विचारायचं आहे?

बाक करकरला. तो एका हातानं बाकाला धरून उठला, अर्ध्यात थांबला, चेहरा वेडावाकडा झाला त्याचा, आणि त्यानं तो लपवला नाही. बायको शेजारी होती, ती चमकून वर बघायला लागली.

‘‘बाई,’’ तो मोठ्यानं म्हणाला, ‘‘माझी कंबर दुखता. धा वर्सां जालीं. तुमचो तो डॉक्टर खंय बसता?’’

कुणी हसलं नाही. त्याच्या बायकोनं त्याचा हात धरला. आणि मागून, बायकांच्या बाजूनं, कुणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं, ‘‘सावकाश सांगा हां बाई, माका पण पत्तो होयो.’’

मी बसूनच उत्तर दिलं.